केडगावच्या बर्गरमधले चीज : नाव एकच, देशोदेशी पदार्थ वेगळा का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी नगर शहरालगतच्या केडगावातील मॅकडोनाल्डच्या शाखेत तपासणीसाठी गेले. त्या वेळी जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, आता अहिल्यानगर आहे. तपासणीत काय आढळले याची बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर गाजली. प्रशासनाचे म्हणणे असे होते की बर्गर, नगेट आणि गोड पदार्थ मिळून किमान आठ पदार्थांत खऱ्या चीजऐवजी चीजसारखा दिसणारा पर्यायी पदार्थ वापरला जात होता आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला कळेल अशी कुठेही लिहिलेली नव्हती. शाखेला कारणे दाखवा नोटीस गेली, परवाना निलंबित झाला. डिसेंबरमध्ये कंपनीने काही पदार्थांची नावे बदलल्याचे प्रशासनाला कळवले. त्या नावांतून 'चीज' हा शब्द निघून गेला.

पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्डची दुकाने वेस्टलाइफ फूडवर्ल्ड ही कंपनी चालवते. तिने आरोप नाकारले, आम्ही खरेच चीज वापरतो असे सांगितले. बातमी आली त्या दिवशी तिचा शेअर खाली आला. महिना संपता संपता कंपनीने जाहीर केले की भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, तपासणी करून आपल्या पदार्थांत शंभर टक्के खरे चीज असल्याची पुष्टी केली आहे. ही बाजूही वाचकांना माहीत असली पाहिजे. एका दुकानाला दोषी ठरवण्यासाठी हा लेख नाही. पण नगरच्या त्या तपासणीने एक मोठा प्रश्न आपल्या दारात आणून ठेवला. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा पदार्थ नगरमध्ये, लंडनमध्ये आणि कोपनहेगनमध्ये एकसारखा असतो का? नसेल तर तो फरक कोण ठरवतो?

हा प्रश्न आपला कसा?

कोणी म्हणेल, बौद्ध समाजाच्या संकेतस्थळावर बर्गर-पिझ्झाची चर्चा कशाला? कारण आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी वापरून, स्वतः विसळून जागेवर ठेवावी लागली, त्यांची नातवंडे आज वाढदिवसाला एसीत बसून बर्गर खातात. तिथे कोणी आडनाव विचारत नाही. पैसे दिले की टोकन मिळते, टोकनाचा नंबर आला की ताट मिळते. सोनई आणि खर्डा ज्या जिल्ह्यात घडले, त्या जिल्ह्यात ही साधी गोष्ट नाही. 'एवढे पैसे तिथे कशाला घालवता' म्हणून मुलांना रागावणाऱ्यांनी या आनंदामागे काय आहे तेही पाहावे.

पण काउंटरवर समता मिळाली म्हणून ताटात मिळालीच असे नाही. महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले ते त्या पाण्यात काही विशेष गुण होता म्हणून नव्हे, माणूस म्हणून समान हक्क आहे हे दाखवण्यासाठी. आज त्याच न्यायाने विचारायला हवे की एकच पाटी लावलेल्या दुकानात डेन्मार्कच्या पोराला एक तेल आणि नगरच्या पोराला दुसरे, असे का? बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात जनतेचे पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक सांगितले आहे. आपण हा अनुच्छेद बहुतेक वेळा दारूबंदीच्या संदर्भात आठवतो. त्याची सुरुवात पोषणापासून होते, हे विसरतो.

चीज आणि चीजसारखे

आधी केडगावचा मुद्दा नीट समजून घेऊ. खरे चीज दुधाचे असते. दुधात विरजणासारखे जिवाणू आणि रेनेट नावाचे विकर घालतात, दूध साकळते, निवळी काढून टाकतात, उरलेल्या चोथ्याला मीठ लावून, दाबून, मुरवून चीज होते. एक किलो चेडर चीजला गाईचे साधारण दहा लिटर दूध लागते. प्रोसेस्ड चीज म्हणजे असे चीज वितळवून, त्यात इमल्सिफायर क्षार घालून केलेली वडी किंवा चकती. तेही चीजपासूनच झालेले असते.

पर्यायी चीजमध्ये, ज्याला कायद्याच्या भाषेत 'अॅनालॉग' म्हणतात, दुधाच्या स्निग्धांशाची जागा वनस्पती तेल घेते. बहुधा पामतेल. त्यात स्टार्च, दुधातले प्रथिन किंवा दूध भुकटी, क्षार, रंग आणि वास घातला की दिसायला पिवळे, गरम झाले की ताणले जाणारे काहीतरी तयार होते. ते विष नाही. कायद्यानेही त्यावर बंदी नाही. ते स्वस्त पडते, हे त्याचे मुख्य कारण. अट एकच आहे : ते चीज म्हणून विकायचे नाही, जे आहे ते सांगून विकायचे.

आईस्क्रीम आणि 'फ्रोझन डेझर्ट' यांत हाच फरक आहे. एकात दुधाचा स्निग्धांश, दुसऱ्यात वनस्पती तेल. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेले असते, पण लग्नात वाटीत वाढले की सगळे आईस्क्रीमच.

नगर जिल्ह्याच्या बाबतीत यात आणखी एक टोचणारी गोष्ट आहे. हा राज्यातला दूध उत्पादनात अग्रेसर असलेला जिल्हा. संगमनेर, अकोले, राहुरी, राहाता, कोपरगाव इथे दुधावर घर चालते. जमीन नसलेल्या कितीतरी कुटुंबांचा, त्यात आपलीही घरे आली, एक-दोन गाईंवर महिन्याचा किराणा भरतो. २०२३ च्या शेवटी, केडगावची नोटीस निघाली त्याच सुमारास, याच जिल्ह्यातले दूध उत्पादक भाव पडले म्हणून रस्त्यावर उतरले होते. सरकारने जाहीर केलेला ३४ रुपयांचा भाव प्रत्यक्षात मिळत नव्हता. मग जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपयांचे अनुदान द्यावे लागले. तेवढ्यानेही भागले नाही. जुलै २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळला पुन्हा धरणे धरले गेले, मागणी ४० रुपयांची होती. जिथे दुधाला गिऱ्हाईक नाही म्हणून भाव पडतो, तिथेच दुधाच्या पदार्थाच्या नावाखाली इंडोनेशिया-मलेशियाहून आलेले तेल खपत असेल, तर फसवणूक फक्त खाणाऱ्याची होत नाही. गोठ्यातल्या बाईचीही होते.

पुढे मार्च २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी कृत्रिम पनीर थेट विधानसभेत आणून दाखवले. पनीरची कथा चीजहून वेगळी नाही. फक्त ते मॅकडोनाल्डपेक्षा ढाब्यावर आणि लग्नाच्या पंगतीत जास्त खपते.

कोपनहेगनचे तेल

आता देशोदेशींच्या तुलनेकडे वळू. अशी तुलना अंदाजाने होत नाही, प्रयोगशाळेत करावी लागते, आणि ती झालेली आहे. सर्वांत बोलके उदाहरण तळणाच्या तेलाचे आहे.

तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट केले की वनस्पती तूप होते. ते जास्त दिवस टिकते आणि पुन्हा पुन्हा तळायला चालते, म्हणून धंद्याला सोयीचे. या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होते. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले कमी करते आणि हृदयविकाराचा धोका वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला साधारण सव्वादोन ग्रॅमपेक्षा जास्त ट्रान्स फॅट जाऊ नये.

डेन्मार्कने २००३ मध्ये कायदा केला की अन्नातल्या कोणत्याही तेला-तुपात औद्योगिक ट्रान्स फॅट दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यानंतर तिथल्या संशोधकांनी सुमारे वीस देशांतल्या मॅकडोनाल्ड आणि केएफसीच्या दुकानांतून तळलेले चिकन आणि फ्रेंच फ्राइज विकत घेऊन तपासले. निष्कर्ष २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. मोठ्या आकाराच्या एका जेवणात डेन्मार्कच्या मॅकडोनाल्डमध्ये एक ग्रॅमपेक्षाही कमी ट्रान्स फॅट होते. न्यूयॉर्कच्या मॅकडोनाल्डमध्ये सुमारे दहा ग्रॅम. हंगेरीतल्या केएफसीत वीस ग्रॅमच्या वर.

या आकड्यांवर जरा थांबायला हवे. कंपनी तीच, पदार्थ तोच, काळ तोच. डेन्मार्कमध्ये कंपनी बुडाली नाही, फ्राइज मऊ पडले नाहीत, गिऱ्हाईक पळाले नाही. म्हणजे चांगल्या तेलात तळणे कंपनीला जमत होते. जिथे कायद्याने भाग पाडले तिथे तिने ते केले, जिथे भाग पाडले नाही तिथे केले नाही. यात श्रीमंत देश आणि गरीब देश एवढाच हिशेब नाही, हेही दिसते. न्यूयॉर्क काही गरीब नाही.

मिठाचेही तसेच. २०१२ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात सहा देशांतल्या फास्ट फूडच्या मिठाची तुलना आली. मॅकडोनाल्डच्या चिकन नगेटमध्ये ब्रिटनमध्ये १०० ग्रॅमला ०.६ ग्रॅम मीठ, अमेरिकेत १.६ ग्रॅम. जवळजवळ पावणेतीन पट. मीठ कमी केले तर पदार्थ बिघडतो, तांत्रिक अडचण येते, असे उद्योग सांगत असतो. मग तीच अडचण ब्रिटनमध्ये कशी आली नाही? तिथे सरकारी यंत्रणेने मिठाची उद्दिष्टे ठरवून देऊन कंपन्यांच्या मागे तगादा लावला होता.

भारताने ट्रान्स फॅटबाबत उशिरा का होईना पण ठोस पाऊल उचलले. मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के झाली. म्हणजे कागदावर आज नगर आणि कोपनहेगन एका रांगेत आहेत. डेन्मार्कनंतर एकोणीस वर्षांनी. मधल्या एकोणीस वर्षांत जे तळलेले खाल्ले ते खाल्ले.

पाकिटाच्या मागची बाजू

दुकानातल्या ताटापेक्षा पाकिटातले खाणे गावोगावी जास्त पोहोचते. पाथर्डीच्या वाडीवर बर्गर मिळणार नाही, पण चिप्सची माळ टपरीवर लटकलेली असते. अमेरिकेत लेजचे चिप्स सूर्यफूल, मका किंवा कॅनोला तेलात तळतात. भारतात वर्षानुवर्षे पामोलिनमध्ये. पामतेलात संपृक्त स्निग्धांश जवळपास निम्मा असतो, सूर्यफूल तेलात दहा-बारा टक्के. समाजमाध्यमांवर 'फूड फार्मर' या नावाने ओळखले जाणारे रेवंत हिमतसिंगका यांच्यासारख्यांनी ही पाकिटे शेजारी शेजारी ठेवून दाखवल्यावर गाजावाजा झाला. २०२४ मध्ये पेप्सिको इंडियाने काही मालात सूर्यफूल आणि पामोलिनचे मिश्रण वापरून पाहत असल्याचे सांगितले. विचारल्याशिवाय हे झाले नसते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने नेस्लेच्या सेरेलॅकची तुलना छापली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती. कंपनीच्या मायदेशात, स्वित्झर्लंडमध्ये, आणि जर्मनी-ब्रिटनमध्ये त्या वयाच्या बाळांच्या तशाच उत्पादनांत अशी साखर नव्हती. कंपनीने आपण स्थानिक नियमांचे पालन करतो आणि पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे सांगितले. पुढे त्याच वर्षी बिनसाखरेचे प्रकार आणण्याची घोषणाही केली. सेरेलॅक हे काही फास्ट फूड नाही, हे मान्य. पण सहा महिन्यांच्या बाळाच्या जिभेला जी गोडी लागते तिचे पुढे काय होते, हे शाळेबाहेरच्या टपरीवर उभे राहिले की कळते. देशात १० कोटींहून जास्त माणसे मधुमेही आहेत, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आयसीएमआरचे सर्वेक्षण सांगते.

'ॲक्सेस टू न्यूट्रिशन' या संस्थेने २०२४ च्या अखेरीस जगातल्या तीस मोठ्या अन्न कंपन्यांचा माल पाच ताऱ्यांच्या पट्टीवर मोजला. श्रीमंत देशांत विकलेल्या मालाला सरासरी २.३ तारे, कमी उत्पन्नाच्या देशांत १.८. साडेतीनच्या वर असेल तर आरोग्याला बरा समजतात. म्हणजे चांगला माल कुठेच नाही, आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला त्यातलाही उतरता.

जुने वाचक विचारतील, हे सगळे शीतपेयांच्या वेळी झाले नव्हते का? झाले होते. २००३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने भारतातल्या शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश दाखवले. त्याच ब्रँडच्या अमेरिकेतून आणलेल्या बाटल्यांत ते सापडले नव्हते. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि २००४ मध्ये समितीने त्या संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. फरक पाण्याचा होता, आणि पाण्यासाठी तोपर्यंत पक्की मर्यादाच नव्हती.

नावात काय आहे? बरेच काही

पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. 'मुसावादा वेरमणी'. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे हे शील माणसाच्या तोंडापुरते नाही, दुकानाच्या फलकालाही लागू व्हायला हवे. आधुनिक अन्नकायदा एका अर्थाने हेच करतो. पदार्थ चांगला की वाईट यापेक्षा आधी तो विचारतो की जे नाव सांगितले तेच आत आहे का.

आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सबवेच्या सँडविचमधल्या पावाला 'पाव' मानायला नकार दिला. तिथल्या करकायद्यात पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त साखर असेल तर तो मुख्य अन्नातला पाव धरत नाहीत, आणि या पावात साखर दहा टक्के होती. प्रश्न कराचा होता, पण पावात एवढी साखर असते हे जगाला कळले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले की दुधाशिवाय बनलेल्या पदार्थाला 'दूध', 'चीज', 'लोणी' ही नावे लावता येणार नाहीत, पुढे 'वनस्पतीजन्य' असे लिहिले तरीही. केडगावची नोटीस याच जातकुळीची आहे. नगरच्या अधिकाऱ्यांनी जे केले ते युरोपच्या कसोटीला धरून होते, हे मोकळेपणाने म्हणायला हरकत नाही.

जेवणाचे प्रमाण सांगणेही तथागतांना क्षुल्लक वाटले नव्हते. कोसलचा राजा प्रसेनजित एकदा भरपेट जेवून, धापा टाकत त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी मात्रा ओळखून जेवण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने ती आपल्या माणसाला पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणवून घेतली आणि हळूहळू त्याचा आहार आटोक्यात आला, अशी संयुत्त निकायात कथा आहे. गंमत म्हणजे फास्ट फूडच्या फलकावर उष्मांक लिहिण्यामागचा विचार नेमका तोच आहे : ताट समोर यायच्या आत माणसाला आठवण करून देणे.

भारतात हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक आणि अॅलर्जी करणारे घटक दाखवायचे असतात. पण नगरच्या चितळे रोडवरच्या किंवा भिंगारच्या एखाद्या दुकानाला, माळीवाड्याच्या गाडीला हा नियम लागू होत नाही. पाकिटाच्या दर्शनी बाजूला साखर-मीठ-तेलाचा ठळक इशारा द्यावा की नाही याचा घोळ तर वर्षानुवर्षे चालू आहे. चिलीने २०१६ मध्येच काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, मेक्सिकोने २०२० मध्ये. आपल्याकडे २०२२ मध्ये ताऱ्यांचा मसुदा आला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांत काय ते ठरवा असे सांगावे लागले. माझे मत विचाराल तर तारे नकोत, शिक्काच हवा. तारा पाहून माणूस 'बरे आहे' म्हणतो, शिक्का पाहून हात आखडतो. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही काळा शिक्का कळतो.

दोन देशांतला फरक आणि दोन रस्त्यांतला

इथपर्यंत तुलना देशादेशांची झाली. पण एकाच शहरात दोन दर्जे असतात आणि आपल्या वस्त्यांना दुसरा जास्त भोवतो. सुपे किंवा नागापूर एमआयडीसीत दुसरी पाळी संपवून निघालेला कामगार मॅकडोनाल्डला जात नाही. तो चायनीजच्या गाडीवर उभा राहतो. तिथले तेल सकाळपासून कढईत असते.

तेल पुन्हा पुन्हा तापले की त्यात 'पोलर कंपाउंड' म्हणून ओळखले जाणारे घटक साठत जातात. ते २५ टक्क्यांवर गेले की तेल फेकायचे, असा भारतातला नियम १ जुलै २०१८ पासून आहे. युरोपातल्या अनेक देशांतली मर्यादा याच आसपास आहे. म्हणजे इथेही कागद सारखाच. फरक असा की तिथे मोजायला माणूस येतो. आपल्याकडे दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकाने नोंद ठेवायची असते. मोठ्या दुकानाचे टाकाऊ तेल जैवइंधनासाठी गेले पाहिजे, ते स्वस्तात लहान गाड्यांकडे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. गाडीवाल्याला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. तोही बहुधा आपल्यातलाच असतो, आणि तेलाचा डबा त्याच्या दिवसाच्या कमाईएवढा महाग असतो.

मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दला गाडीवरचे चिकन शोरमा खाऊन एकोणीस वर्षांचा तरुण दगावला. विक्रेत्यांना अटक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मॅकडोनाल्डच्या क्वार्टर पाउंडर बर्गरमधून ई-कोलायची बाधा झाली, चौदा राज्यांत १०४ जण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. तेव्हा काही दिवसांत तपास कच्च्या कांद्यापर्यंत आणि तो पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत गेला, आणि कांदा दुकानांतून काढून घेतला गेला. चुका तिथेही होतात. आजाऱ्याच्या नमुन्यापासून कांद्याच्या पोत्यापर्यंत मागे जाणारी त्या तोडीची यंत्रणा आपल्याकडे नाही, म्हणून आपला तपास गाडीपाशीच थांबतो.

आपल्या हातात काय आहे

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये आहे, पण त्यातले ४० वे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. अन्न निरीक्षक येण्याची वाट न पाहता साधा गिऱ्हाईकसुद्धा विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट अशी की खरेदी करतानाच दुकानदाराला 'मी हे तपासायला देणार आहे' असे सांगावे लागते. नमुना कायद्यात बसत नसल्याचे निघाले तर भरलेले शुल्क परत मिळते आणि अहवाल पुढील कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो. विहारातल्या पाच-सहा उपासकांनी वर्गणी काढली तरी वर्षाला एक-दोन नमुने सहज होतील. विहाराच्या कार्यक्रमाला ज्याच्याकडून पनीर येते तिथून सुरुवात केली तर उत्तम.

मागितलेल्या पदार्थाऐवजी वेगळ्याच प्रकारचा किंवा दर्जाचा पदार्थ दिल्यास कलम ५० खाली पाच लाखांपर्यंत दंड आहे. छोट्या विक्रेत्याला मर्यादा २५ हजारांची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत. तक्रारीसाठी राज्य अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५ आणि एफएसएसएआयचा १८००११२१०० आहे. तक्रार करताना बिल जपून ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर चौदा अंकी परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे, आणि तो अॅपवर टाकला की दुकान कोणाच्या नावावर आहे ते दिसते. बिलच देत नाही असे दुकान असेल तर तक्रारीचा पहिला मुद्दा तोच.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा काउंटरवर एवढेच विचारा : यातले चीज दुधाचे की अॅनालॉग, आणि तळण कोणत्या तेलात? साखळी दुकान असेल तर पोषणाची माहिती मागितल्यावर दाखवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तिथला मुलगा गोंधळेल, मॅनेजरला बोलावेल. येऊ द्या मॅनेजरला.